साहेबाचे ओटे आणि आजोंची गोष्ट

मित्रांनो, तुमचे आजोळ कुठे आहे? कुणाचे देशावर असेल, कुणाचे मुंबईतच दोन स्टेशने पलीकडे असेल. माझे आजोळ समुद्रकाठी. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटण खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे विजयदुर्ग नावाचे गाव आहे. गावाच्या टोकाला किल्ला आणि किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी. पूर्वी मुंबईहून गोव्याकडे जाणारी आगबोट इथल्या बंदराला लागायची. आम्ही मात्र दर मे महिन्यात एसटीने जायचो. तळेरे फाट्याला गाडी वळली की आई म्हणायची, "आता खिडकी उघडा, वारा ओळखा!" पण खारा वास यायला अजून बराच वेळ असायचा. तोवर आम्ही भांडून, झोपून, परत उठलेले असायचो.

आईच्या वडिलांना आम्ही 'आजो' म्हणत असू. मालवणीत आजोबांना आजो म्हणतात. दिवस कलला की आजो हातात काठी घेऊन निघायचे आणि आम्ही पाच-सहा भावंडे त्यांच्या मागे. वाट ठरलेली. आधी दरवाजाजवळच्या मारुतीला नमस्कार, मग तटावरून एक फेरी, आणि शेवटी दगडी ओट्यांवर बसायचे. ह्या ओट्यांना गावात 'साहेबाचे ओटे' म्हणतात. दिसायला अगदी साधे. एखाद्या घरापुढचा ओटा असावा तसे, फक्त घर नाही. समोर समुद्र आणि वर मोकळे आकाश.

तिथे बसले की आजोंची गोष्ट सुरू व्हायची. आजही ती मला पाठ आहे.

"चेडवा," (म्हणजे 'मुली' बरं का!) "हयसर सायबान दुर्बीण लावल्यान आणि सूर्यातलो वायू हुडकून काढल्यान. अठराशे अडुसष्ट साल. माझ्या बापाशीन आपल्या डोळ्यांनी बघल्यान. आंब्याक मोहोर इललो. बंदरात सायबाची आगबोट. आणि भर दोपारचा काळोख पडलो! कोंबडे खुराड्यात शिरले. माझो बापूस भियान आवशीच्या पदरात लपलो."

सूर्यात सापडलेला तो वायू म्हणजे हेलियम. फुग्यात भरतात तोच. जगातल्या साऱ्या फुग्यांचे मूळ आमच्या आजोळच्या ओट्यावर आहे, ह्या कल्पनेने मी इतकी फुगत असे की मलाच कुणी दोरी बांधावी!

पण ह्याच गोष्टीने पुढे मला रडवले. कसे, ते सांगते.

आजोंच्या पोतडीतल्या आणखी गोष्टी

त्याआधी किल्ल्याची थोडी ओळख करून घेऊ. कारण आजोंकडे ग्रहणाची एकच गोष्ट नव्हती. तटावरची एक फेरी म्हणजे निदान चार गोष्टी.

विजयदुर्गाचे जुने नाव घेरिया. शेजारच्या गिर्ये गावावरून ते पडले. इंग्रजांच्या जुन्या कागदांत सगळीकडे घेरियाच सापडते. शिलाहार राजा दुसरा भोज ह्याने हा किल्ला बांधला, असे मानतात. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि बळकट केला. त्याला एकामागे एक अशी तिहेरी तटबंदी आहे. पुढे तो कान्होजी आंग्रे ह्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे झाला. आंग्रे हे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय ह्या किनाऱ्यावरून व्यापारी जहाजांनी जाऊ नये, असा त्यांचा नियम होता. इंग्रज म्हणत, "हा चाचा!" म्हणजे समुद्री लुटारू. गंमत अशी, की परवान्याची हीच पद्धत पोर्तुगीजांनी ह्या समुद्रावर त्याच्या कितीतरी आधी चालू केली होती. त्यांना मात्र कुणी चाचे म्हणत नसे!

१७२० साली इंग्रजांनी घेरियावर हल्ला केला. त्यासाठी त्यांनी 'फ्राम' नावाचा, तोफा बसवलेला एक तरंगता बुरूजच बांधून आणला होता. काही उपयोग झाला नाही. फ्राम घेऊन त्यांना परत जावे लागले. आजो ही गोष्ट सांगताना फ्रामचा उच्चार असा करायचे, की आम्ही हसून हसून लोळायचो.

पण त्यापुढची गोष्ट सांगताना आजोंचा आवाज खाली यायचा. १७५६ सालचा फेब्रुवारी महिना. विजयदुर्ग तेव्हा कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे ह्यांच्याकडे होता. त्यांचे आणि पेशव्यांचे बिनसले होते. पेशवे आणि इंग्रज एक झाले. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह आले, तर जमिनीवरून पेशव्यांची फौज. इंग्रजांचा एक पेटता गोळा 'रेस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच, आंग्र्यांनी त्यांच्याकडून जिंकून घेतलेले. ते पेटले, आणि खाडीत एकमेकांना लागून उभी असलेली आंग्र्यांची सारी जहाजे एकामागून एक पेटत गेली. एका दिवसात आरमार संपले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तुळाजींचे पुढचे सारे आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

"आपणच आपली होडी जाळली," एवढेच आजो म्हणायचे आणि काठी आपटून उठायचे.

किल्ला त्याच वर्षी इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला. पुढे इथे आनंदराव धुळप ह्यांनी पेशव्यांचे आरमार सांभाळले. त्यांनी १७८३ साली रत्नागिरीजवळच्या समुद्रात इंग्रजांचे 'रेंजर' जहाज लढून जिंकले. १८१८ साली मराठेशाहीबरोबर विजयदुर्गही इंग्रजांच्या ताब्यात गेला.

मोठी झाल्यावर मी ह्या गोष्टी पुस्तकांतून वाचल्या. आजोंनी सांगितलेले बहुतेक सगळे जुळले. न जुळलेली गोष्ट एकच होती. आणि तीच मला सर्वांत लाडकी होती!

वर्गात झालेली फजिती

१९८८ साल. मी तेव्हा नववीत होते. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. तो आदल्याच वर्षापासून सुरू झाला होता. आमच्या शाळेत त्यानिमित्त भाषणे होती. मी कुठला विषय घेणार हे सांगायला नकोच. 'हेलियमचा शोध: माझ्या आजोळी!'

भाषण झोकात झाले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गाच्या ओट्यावर दुर्बीण लावली, भर दुपारी काळोख पडला, कोंबडे खुराड्यात शिरले, सगळे मी रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. मग परीक्षक म्हणून आलेले एक सर शांतपणे म्हणाले, "बाळ, छान बोललीस. पण १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडमध्ये होते. त्या ग्रहणासाठी ते भारतात आलेच नव्हते."

सभागृहात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणाले, "फुगा फुटला!"

सर बरोबर होते. माझी चूक दाखवणे हे त्यांचे कामच होते. पण त्या वयात असे कळते थोडेच? मला वाटले, आजोंनी मला फसवले. मे महिन्यात विजयदुर्गला गेले, ती धुसफुसतच. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून आजो सुरुवात करणार, तेवढ्यात मी म्हणाले, "पुरे आजो. तुमची गोष्ट खोटी आहे. साहेब इथे आलाच नव्हता. पुस्तकात आहे."

आजो गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माझो बापूस खोटा बोलणारो नव्हतो." आणि उठले.

त्यानंतर आम्ही किल्ल्यात जात राहिलो, मारुतीला नमस्कार करत राहिलो, पण फेरी ओट्यांच्या अलीकडेच संपायची. १९९३ च्या पावसाळ्यात आजो गेले.

मग १८६८ साली झाले तरी काय?

आता आपण थोडे शास्त्राकडे वळू. हे नीट समजल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

चुलीत चिमूटभर मीठ पडले की ज्योत पिवळीधमक होते, हे तुम्ही पाहिले असेल. मिठातल्या सोडियममुळे असे होते. प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले, की ठराविक रंगांचाच प्रकाश देते. हा प्रकाश लोलकातून नेला, की ठराविक जागी रेघा दिसतात. माणसाच्या बोटाचा ठसा जसा ज्याचा त्याचा, तशा ह्या रेघा ज्या त्या मूलद्रव्याच्या. रेघा पाहण्याच्या यंत्राला वर्णपटदर्शक म्हणतात. ह्या यंत्रामुळे सूर्यावर न जाताही सूर्यात काय आहे ते ओळखता येऊ लागले.

अडचण एकच. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाला त्याच्या झगझगाटात दिसत नाहीत. खग्रास ग्रहणात चंद्र सूर्याला पुरता झाकतो, तेव्हाच त्या नजरेला पडतात. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण ह्या कामाला उत्तम होते, कारण खग्रास स्थिती चांगली पाच मिनिटांहून अधिक टिकणार होती. ग्रहणाची सावली भारतात पश्चिम किनाऱ्यावरून शिरून पूर्व किनाऱ्यावर बाहेर पडली. आपला विजयदुर्ग ह्या पट्ट्यात होता. पण शास्त्रज्ञांचे मोठे तळ पडले ते आत, पूर्वेकडे. फ्रान्सचे जान्सेन आंध्रातील गुंटूरला होते. मद्रासच्या वेधशाळेचे पॉग्सन मच्छलीपट्टणला होते. आपल्याकडच्या बाजूला जमखंडीलाही निरीक्षक होते.

ज्वालांच्या वर्णपटात ह्या मंडळींना एक ठळक पिवळी रेघ दिसली. बहुतेकांना ती सोडियमची वाटली. पॉग्सन ह्यांनी मात्र ती सोडियमच्या जागी नेमकी बसत नाही, असे टिपून ठेवले. जान्सेन ह्यांच्या मनात आणखी एक विचार आला. रेघा इतक्या तेजस्वी आहेत, तर ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात! दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रयोग केला आणि त्या दिसल्या.

तिकडे इंग्लंडमध्ये लॉकियर स्वतंत्रपणे हाच प्रयत्न करत होते. ते होते युद्धखात्यातले कारकून. आकाशनिरीक्षण हा त्यांचा छंद. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, त्यांनाही त्या रेघा दिसल्या. आणि योगायोग पाहा, जान्सेन आणि लॉकियर ह्या दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचली गेली! पुढे फ्रान्सने दोघांच्या चेहऱ्यांचे एक पदकच काढले.

ती पिवळी रेघ सोडियमची नव्हेच, ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या एखाद्या मूलद्रव्याची असावी, असे लॉकियर ह्यांनी मांडले. सूर्याला ग्रीक भाषेत 'हेलिऑस' म्हणतात, त्यावरून नाव पडले हेलियम. अनेकांना हे पटले नाही. पण १८९५ साली विल्यम रॅम्से ह्यांना एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेघ सापडली आणि शंका मिटली.

म्हणजे शोधाच्या गोष्टीत गुंटूर आहे, मच्छलीपट्टण आहे, इंग्लंड आहे, पॅरिस आहे. विजयदुर्गच्या ओट्याचे नाव कुठेच नाही. परीक्षक सर शंभर टक्के बरोबर होते.

मग ओटे कुणाचे?

पेटीतली पत्रिका

आजो गेल्यावर मामाने जुन्या पेट्या आवरायला काढल्या. भाताच्या पावत्या, देवस्थानच्या पावत्या आणि वाळवीने खाल्लेली पंचांगे. त्यातच आजोंच्या वडिलांची, म्हणजे माझ्या पणजोबांची जन्मपत्रिका निघाली. जन्म शके १८१२, चैत्र महिना.

शक आणि इसवी सन ह्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अंतर असते. १८१२ मध्ये ७८ मिळवले. आले १८९०.

मी डोक्याला हात लावला. म्हणजे १८६८ च्या ग्रहणानंतर बावीस वर्षांनी पणजोबांचा जन्म झाला! त्यांनी ते ग्रहण 'आपल्या डोळ्यांनी' बघणे कसे शक्य होते? उरलासुरला विश्वासही गेला. घरातल्या कुणी हे साधे गणित कधीच का केले नाही, ह्याचे मला आश्चर्य वाटले. पण गोष्ट आवडती असली की तिची वजाबाकी कुणी करत नाही!

ह्या प्रसंगानंतर बरीच वर्षे गेली. एकदा एका मोठ्या ग्रंथालयात मी वेगळेच काही शोधत होते. समोर लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९०१ सालचा खंड आला. पाने उलटता उलटता एका शीर्षकावर नजर थबकली. खग्रास सूर्यग्रहण, २२ जानेवारी १८९८. निरीक्षणस्थळ: विजयदुर्ग. लेखक: सर नॉर्मन लॉकियर आणि सहकारी.

मी ते शीर्षक तीन वेळा वाचले.

दुसरे ग्रहण

होय मित्रांनो! लॉकियरसाहेब विजयदुर्गला आले होते. फक्त १८६८ साली नव्हे, तीस वर्षांनंतर.

१८६८ साली ते कारकून होते. १८९८ पर्यंत ते 'सर' झाले होते आणि जगभरात नाव झालेले शास्त्रज्ञ होते. 'नेचर' हे प्रसिद्ध विज्ञान साप्ताहिक त्यांनीच १८६९ साली सुरू केले होते. ग्रहण गाठायला ते देशोदेशी जात. भारतातही ते आधी येऊन गेले होते. १८७१ च्या डिसेंबरातले खग्रास ग्रहण त्यांनी केरळच्या किनाऱ्यावर बेकल येथे पाहिले. योगायोग म्हणजे तिथेही समुद्रकिल्लाच आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून भारतात शिरली आणि ईशान्येकडे गेली. पुणे-सोलापूर रेल्वेवरच्या जेऊर गावी पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. त्यांनी त्या ग्रहणाचा मोठा अहवाल लिहिला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे लोकही तिथे आले होते. आणि लॉकियरसाहेबांनी निवडले ते विजयदुर्ग.

इथे रेल्वे नव्हती, मग अवजड यंत्रे आणायची कशी? समुद्रातून! इंग्रजांच्या आरमारातील 'मेलपोमिनी' ही वाफेवर चालणारी युद्धनौका त्यांच्या मदतीला होती. तिचे कप्तान, अधिकारी आणि खलाशी नुसते ओझी वाहून थांबले नाहीत. लॉकियरसाहेबांनी त्यांना शिकवून तयार केले. कुणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचे चित्र काढायचे, कुणी वेळ मोजायची, कुणी कॅमेरे सांभाळायचे. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत कुणी काय करायचे, ह्याच्या तालमी झाल्या. स्नेहसंमेलनाच्या नाटकाला आपण करतो तशाच! कॅमेरा हलू नये म्हणून त्याच्या खाली पक्का, सपाट दगडी आधार हवा. साहेबाचे ओटे १८९८ च्या ह्या तयारीशी अगदी जुळतात.

तेव्हा हेलियम शोधून झालेले होते. रॅम्से ह्यांना ते पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षे होत आली होती. हेलियमला सूर्यात ओळखणारा माणूस आमच्या गावी आला, पण शोध लावून झाल्यावर!

मोहोर खोटे बोलत नाही

आता आजोंची गोष्ट पुन्हा वाचा बघू. अगदी पहिल्या पानावरची. एकेक शब्द तपासा.

'आंब्याक मोहोर इललो.' देवगडच्या हापूसला मोहोर येतो थंडीत. जानेवारीत कलमे मोहोराने भरलेली असतात. ऑगस्टमध्ये कसला मोहोर? तेव्हा तर कोकणात श्रावणसरी कोसळत असतात.

'भर दोपारचा काळोख पडलो.' १८६८ चे ग्रहण आपल्या बाजूला सकाळी लागले होते. १८९८ चे ग्रहण लागले ते दुपारी!

'बंदरात सायबाची आगबोट.' ती 'मेलपोमिनी'.

'माझो बापूस आवशीच्या पदरात लपलो.' जन्म चैत्र शके १८१२. म्हणजे जानेवारी १८९८ मध्ये पणजोबांना आठवे वर्ष चालू होते. आईच्या पदरात लपण्याचेच वय ते!

एकेक शब्द खरा होता. महिना खरा, प्रहर खरा, जहाज खरे, भीती खरी. चुकीची होती ती दोनच गोष्टींची जोड, सालाची आणि शोधाची. पणजोबांनी साल सांगितलेच नसावे. आठ वर्षांच्या मुलाला साल कुठले लक्षात राहायला? त्याला मोहोर, काळोख आणि कोंबडे लक्षात राहिले. पुढे कुणीतरी शिकलेल्या माणसाने गावात सांगितले असेल, 'लॉकियर? अहो, १८६८ च्या ग्रहणात हेलियम शोधणारे तेच हे!' आणि दोन ग्रहणे एकमेकांत मिसळून गेली. ओटा तोच, साहेब तोच, तीस वर्षांचे अंतर मात्र गळून पडले. आजही १८ ऑगस्टला विजयदुर्गात हेलियम दिवस साजरा होतो आणि अनेक लेखांत आजोंचीच गोष्ट छापून येते.

नववीत असताना मला वाटायचे की गोष्ट एक तर खरी असते, नाही तर खोटी. पुस्तक आणि आजो ह्यांच्यात कुणीतरी एकच बरोबर असणार! मी पुस्तकाची बाजू घेतली. त्यात चूक काही नव्हते. चूक झाली ती पुढे. 'साल चुकले' असे म्हणण्याऐवजी मी 'खोटे' म्हणाले, आणि विचारायचे थांबले. त्या संध्याकाळी मी एवढेच विचारले असते, "आजो, मोहोर म्हणजे कुठला महिना हो?" तर आम्ही दोघांनी मिळून, त्या ओट्यावर बसूनच, निम्मे कोडे सोडवले असते. लॉकियरसाहेबांचा अहवाल तेव्हाही छापलेलाच होता. तो शोधायला हवा हे मला मोहोराने सांगितले असते. पण मी मोहोराकडे लक्षच दिले नाही.

पाण्याखालची भिंत

आजोंची आणखी एक गोष्ट होती. "शत्रूची जहाजा किल्ल्यापर्यंत येवकच शकत नसत. पाण्याखाली भिंत असा. तिच्यार आपटान फुटत." जहाजे फोडणारी पाण्याखालची भिंत! लॉकियरची गोष्ट 'फुटल्या'वर मी हीसुद्धा रद्दीत टाकली होती.

पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी विजयदुर्गाजवळ पाण्यात बुड्या मारून शोध घेतला. किल्ल्यालगत समुद्राच्या तळाशी दगडांची भिंतीसारखी लांब रचना त्यांना आढळली! तिच्यावर आपटून कुठले जहाज कधी फुटले, हे ठरवायला वेगळा पुरावा लागेल. पण 'पाण्याखाली काहीतरी आहे' हे गावातल्या म्हाताऱ्यांना बुड्या मारणाऱ्यांच्या आधीपासून ठाऊक होते. मासे मारणाऱ्या माणसांना समुद्राचा तळ जाळ्यातून कळतो.

गावाची आठवण ही अशी असते. ती सन सांभाळत नाही, वास आणि रंग सांभाळते. कागद सन सांभाळतो, पण आईच्या पदरात लपलेला मुलगा त्यात नसतो. लॉकियरसाहेबांच्या अहवालात रेघा आहेत, आकडे आहेत, छायाचित्रे आहेत. आमचे पणजोबा त्यात नाहीत. ते फक्त आजोंच्या गोष्टीत होते.

तुम्ही काय कराल?

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी एखादी गोष्ट असेल. गावच्या विहिरीची, पुराची, बुडालेल्या होडीची. ह्या सुट्टीत ती लिहून काढा. सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहा, अगदी त्यांच्याच बोलीत. शुद्ध करायला जाऊ नका, कारण खूण नेमकी त्या शब्दांत लपलेली असते. मग प्रश्न विचारा. तेव्हा पाऊस होता की थंडी? शेतात काय होते? सकाळ होती की संध्याकाळ? तुम्ही तेव्हा केवढे होतात, कुणाच्या कडेवर होतात की शाळेत जात होतात? सालाचा प्रश्न शेवटी विचारा. मग पत्रिका, शाळेचे दाखले, जुनी पंचांगे पाहा, आणि वजाबाकी करायला विसरू नका. एखादे काही जुळले नाही, तर वहीत 'खोटे' असे लिहू नका. 'अजून जुळले नाही' असे लिहा.

आणि हो, २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पाहायचे असेल तर ग्रहणाच्या खास चष्म्यातूनच पाहा. नुसत्या डोळ्यांनी किंवा काळ्या गॉगलमधून सूर्याकडे मुळीच बघू नका, डोळे कायमचे जातील. अर्थात ते दिवस श्रावणाच्या आसपासचे, ढगांनी जागा दिली तर!

मागच्या जानेवारीत मी विजयदुर्गला गेले होते. बरोबर माझी भाची होती. ती आठवीत आहे. मारुतीला नमस्कार करून, तटावरून फेरी मारून आम्ही ओट्यांवर येऊन बसलो. गावातून मोहोराचा वास येत होता. मी तिला दोन्ही ग्रहणे सांगितली, नीट सन सांगून. मग आजोंचे शब्द आजोंच्याच बोलीत म्हणून दाखवले.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मावशी, पणजोबांना हे कळलं होतं का, की त्यांची गोष्ट खरी होती?"

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांना सांगायचं राहून गेलं."

"मग आता सांग की. इथंच तर बसायचे ना ते?"

सूर्य पाण्याला टेकत आला होता. मी ओट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजो, तुमचो बापूस खरा बोलत होतो."